सोळा तासांची बैठक

आमच्या ह्यांना बसणं ठाऊकच नाही. लोकांना खुर्चीत बसवायचं, आपण मागे उभं राहून कात्री चालवायची, उभी हयात ह्यातच गेली. घरी चहासुद्धा खिडकीशी उभ्यानेच. त्यामुळे परदेशी लेकीकडे जायच्या विमानाची चौकशी केल्यावर तिकिटवाल्याने, "अंतर तेरा हजार किलोमीटर, जाताना सोळा तास," असं सांगितलं तेव्हा ह्यांना आयतंच निमित्त सापडलं.

"सोळा तास बसायचं? माझ्याच्याने नाही होणार."

"येताना चौदाच लागतात," तिकिटवाला म्हणाला. "वारा मागून असतो ना."

लेक तिकडे जाऊन तीन वर्षं झाली होती. नात आता पावलं टाकायला लागली होती आणि आजोबा तिला फोनच्या पडद्यापुरतेच माहीत. मी सरळ सांगून टाकलं, आठवड्याभरात ठरवा, नाहीतर मी एकटी जाते. एकटीने जायची माझी मुळीच हिंमत नव्हती, पण ते ह्यांना कळू देईन तर ना.

मग ह्यांनी बसायचा सराव सुरू केला. सुट्टीच्या दिवशी सकाळीच दुकानाचं शटर अर्धं उघडून गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसले. गळ्याला बांधायचं कापड कमरेला आवळलं, तो म्हणे पट्टा. मी डबा घेऊन गेले तर शेजारचा चष्मेवाला आत डोकावून विचारत होता, "काय हो, आज तुमचीच हजामत का?"

"मी विमानात आहे," हे म्हणाले. चष्मेवाला हसत निघून गेला.

मला वाटलं, जेवण झालं की उठतील. कसलं काय. डबा मांडीवर घेऊन जेवले, रस्त्यावरचे दिवे लागले तरी जागचे हलले नाहीत. मी तर मनातल्या मनात बॅगा भरायलाही घेतल्या.

"जमलं की," संध्याकाळी मी म्हटलं. "आता कसली अडचण?"

आरशात ह्यांचा चेहरा पडलेला दिसला. "अगं, जाताना सोळा काय, वीस तास बसेन. येताना कसा बसू? पोरगी मागे राहणार आणि विमान आपलं वाऱ्याबरोबर पळत सुटणार. ती गेली त्या दिवशी दिवसभर उभं राहून कटिंग करत होतो, म्हणून निभावलं."

येतानाचा विचार मीही मुद्दाम टाळत आले होते. मी शेजारच्या खुर्चीत बसले.

"मग येताना दोघंही उभी राहू," मी म्हणाले.

"विमानात चालतं तसं?"

"विचारते," मी म्हटलं, आणि तिकिटवाल्याला फोन लावून दोन तिकिटं काढायला सांगितली.