सरांची जागा

आमचे सर, म्हणजे माझा नवरा, शाळेत गणित शिकवतात आणि घरातला हिशेब मी ठेवते. लग्नाआधीपासून मी त्यांना सर म्हणते, कारण आम्ही एकाच शाळेत गणित शिकवायचो. लग्नानंतर सवय मोडली नाही. पुढे त्यांना परदेशातल्या या आंतरराष्ट्रीय शाळेत नोकरी लागली, तेव्हा मी माझी अनुदानित शाळेतली कायम नोकरी सोडली, पेन्शनवर पाणी सोडलं आणि तिसरीतल्या लेकीचा हात धरून विमानात बसले. दोन वर्षांसाठी म्हणून आलो होतो. त्याची सात झाली.

परदेशात मास्तरकी म्हणजे घरात पैशांचं झाड, असं आमच्या नातेवाइकांना वाटतं. दुरून डोंगर साजरे. पगार बरा असतो, पण खरी कमाई पगारात नसतेच, ती पगाराच्या आजूबाजूला असते. शाळेने दिलेला फ्लॅट, वर्षातून एकदा घरी जायचं तिकीट, नोकरी सोडताना मिळणारी रक्कम आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मुलांची फुकट जागा. लेकीची फी खिशातून भरायची असती तर सरांचा निम्मा पगार तिथेच संपला असता. आणि हे सगळं एकाच खुंटीला टांगलेलं. नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की घर, शाळा, सगळं महिन्याभरात आवरून निघायचं.

आल्या आल्या आम्ही राहण्याची कार्डं करायला गेलो होतो. खिडकीतल्या कारकुनाने माझ्या कार्डावर ‘आश्रित’ असं टाकलं आणि व्यवसायाच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली. मी त्याला म्हटलं, मी बारा वर्षं शिक्षिका होते. तो सभ्य होता. आश्रितांच्या कार्डावर व्यवसाय लिहीत नाहीत, एवढंच त्याने सांगितलं. बाहेर आल्यावर माझा चेहरा बघून सर म्हणाले, “अगं, कागदावरच तर आहे. मनावर काय घेतेस?” मी कार्ड पर्समध्ये टाकलं. पण मी वाक्यं विसरत नाही. हे सरांना लग्नाआधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

मी अगदी रिकामी बसले होते असंही नाही. शाळेत कुणी शिक्षक आजारी पडला की सकाळी मला फोन यायचा. त्याला तिथे ‘कव्हर’ म्हणतात. कधी विज्ञान, कधी भूगोल, एकदा तर व्यायामाचा तास, साडी सोडून ट्रॅकपँट घालून. पैसे रोजावर. कुणाला सर्दी झाली की आमच्या घरी दोन पैसे यायचे, तेव्हा बरं वाटायचं आणि बरं वाटल्याची लाजही वाटायची.

लेक दहावीत होती त्या वर्षी विज्ञानाचा एक नवा शिक्षक आला. गोरा, उंच, अनुभव सरांच्या निम्मा. स्टाफरूममध्ये बोलता बोलता त्याच्या पगाराचा आकडा सरांच्या कानावर पडला. या शाळांमध्ये पासपोर्टचा रंग बघून पगार ठरतो हे सगळ्यांना माहीत असतं, कुणी बोलत नाही. सर घरी आले ते बूट न काढताच सोफ्यावर बसले. त्यांच्या डोक्यात काय शिजतंय हे मला कळायला हवं होतं. मी भाजी चिरत होते आणि भाजीच चिरत राहिले.

आता सरांची एक जुनी युक्ती सांगायला हवी. आपल्याकडच्या शाळेत त्यांनी ती दोनदा वापरली होती. संस्थेच्या अध्यक्षांकडे जायचं आणि खाली मान घालून म्हणायचं, मला दुसरीकडून विचारणा आहे. अध्यक्ष म्हणायचे, असं? मग लिहून द्या. सर लिहून द्यायचे. अध्यक्ष तो कागद वाचायचे, फाडायचे, दोन चहा सांगायचे आणि म्हणायचे, “कुठे जाता सर, बसा.” पुढच्या महिन्यापासून पगार वाढायचा. राजीनामा हा तिकडे अर्जाचाच एक प्रकार होता. देणाऱ्याला माहीत, घेणाऱ्यालाही माहीत.

तर सर इथल्या हेडबाईंच्या खोलीत गेले आणि खाली मान घालून म्हणाले, मला दुसरीकडून विचारणा आहे. विचारणा कसली, शेजारच्या इमारतीतूनसुद्धा कुणी विचारलं नव्हतं. हेडबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी सरांचा हात हातात घेतला, इतक्या लवकर आणि प्रामाणिकपणे सांगितल्याबद्दल आभार मानले आणि म्हणाल्या, तुमची उणीव भासेल. संध्याकाळी ऑफिसची मेल आली. पुढच्या वर्षी आपण नाही असं धरून चालायचं का, कृपया कळवावं. सरांना वाटलं, आली पायरी, हेच ते ‘लिहून द्या’. त्यांनी ‘होय’ लिहून पाठवलं आणि चहाची वाट बघत बसले.

चहा आला नाही. आठवड्याभरात शाळेच्या वेबसाइटवर जाहिरात आली. ती आधी मला दिसली, कारण ‘रिक्त जागा’ हे पान मी रोज उघडत असे, दुसऱ्या बायका भविष्य बघतात तसं. गणित, वरचे वर्ग. मी आनंदाने ओरडणार होते. मग लक्षात आलं की वरच्या वर्गांना गणित शिकवणारा माणूस माझ्याच घरात, माझ्याच पलंगावर झोपलाय.

त्यांना उठवून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. मी फार काही बोलले नाही, एवढंच म्हटलं की हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुसऱ्या दिवशी ते हेडबाईंकडे परत गेले. हेडबाईंना मनापासून वाईट वाटलं, पण जाहिरात गेली होती, नियामक मंडळाला कळवून झालं होतं आणि नियम असा होता की राजीनामा दिलेल्याला त्या वर्षी त्याच जागेवर पुन्हा घेत नाहीत. तुम्ही विचार करूनच लिहिलं असेल ना, असं त्यांनी विचारलं.

आमच्यापुढे प्रश्न एकच होता, तो लेकीचा. पुढचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, एकदा सुरू झाला की मध्येच शाळा बदलता येत नाही. आपल्याकडे परत न्यावं तर तिथला अभ्यास वेगळा, आणि मराठीत तिला वाण्याची यादीसुद्धा धड लिहिता येत नाही. इथल्याच दुसऱ्या शाळेत घालावं तर फी आमच्या आवाक्याबाहेरची. लेकीने रडारड केली नाही. तिने फक्त विचारलं, की मैत्रिणींना आत्ता सांगू की परीक्षेनंतर.

सरांनी दुसरीकडे अर्ज केले. वर शर्ट-टाय आणि खाली पायजमा अशा अवतारात ते बेडरूममध्ये ऑनलाइन मुलाखती देत आणि मी बाहेर मिक्सर बंद ठेवी. एका शाळेला नवरा-बायको दोघंही शिक्षक हवे होते, म्हणजे एका फ्लॅटमध्ये दोन शिक्षक बसतात, पण माझं रोजावरचं काम त्यांनी धरलंच नाही. एकीने वय विचारलं आणि पुन्हा मेल केली नाही. एकीने जागा दिली, पण एकट्याची: खोली दुसऱ्या मास्तरबरोबर वाटून घ्यायची, कुटुंब घरी ठेवायचं. सर म्हणाले, दोन वर्षं काढीन कशीबशी. ते हे म्हणत असताना मी त्यांच्याकडे बघितलं. या माणसाला स्वतःचा टॉवेल सापडत नाही. आणि तो गेला असता तर मला टॉवेल कुठे आहे हे कुणी विचारलं नसतं, हा विचार मला मुळीच सहन झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, “तुमच्या जागेसाठी मी अर्ज करते.”

“माझ्या जागेवर? तू?”

“जागा काय तुमच्या आजोबांनी लिहून ठेवलीये? जाहिरात निघालीये. नियम तुम्हाला आहे, मला नाही.”

दोन दिवस ते माझ्याशी गरजेपुरतं बोलले. मीठ दे, किल्ली कुठाय, एवढंच. मला रागही आला आणि कीवही आली. स्वतःची खुर्ची बायकोने मागितलेली कुणाला आवडेल? पण मी माघार घेतली नाही. तिसऱ्या दिवशी जेवायच्या टेबलावर त्यांच्या सात वर्षांच्या नोट्सचा ढीग येऊन पडला. “तुझं त्रिकोणमितीचं काय? शेवटचं कधी शिकवलंस?” त्यांनी विचारलं. मी ओळखलं, सर आता माझे सर झाले.

महिनाभर त्यांनी मला शिकवलं. गणित मला येत होतं, या शाळेची भाषा येत नव्हती. इथे मुलाला ‘चुकलं’ म्हणायचं नाही, ‘तू इथवर कसा आलास ते सांग’ असं म्हणायचं. फळ्यावर उद्दिष्ट लिहायचं. सर हेडबाई व्हायचे, पाय दुमडून बसायचे आणि विचारायचे, तुम्हाला आमच्याच शाळेत का यायचंय. मी म्हणायचे, कारण माझ्या नवऱ्याने आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलाय. लेक हसून लोळायची. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसलं होतं.

नमुना तास चांगला झाला. वर्गातली निम्मी मुलं मला कव्हरमुळे ओळखतच होती. मुलाखतीत हेडबाईंनी नेमका तोच प्रश्न विचारला. मी पाठ केलेलं उत्तर विसरले. मी म्हटलं, तुमच्या जवळजवळ प्रत्येक वर्गात मी दुसऱ्याच्या गैरहजेरीत शिकवलंय. आता एकदा माझ्या स्वतःच्या हजेरीत शिकवायचंय. हेडबाईंनी चष्मा काढून पुसला.

पण जागा मिळाली ती ‘स्थानिक नेमणूक’ म्हणून. म्हणजे बाहेरून आणलेल्या शिक्षकाला जे मिळतं ते नाही. पगार सरांपेक्षा कमी, फ्लॅट नाही, तिकीट नाही, लेकीची फुकट जागाही नाही. सर घाईघाईने म्हणाले, काहीही बोलू नकोस, सही कर, हातचं जाईल. त्यांचा धीर पार सुटला होता. मी हेडबाईंकडे गेले. मान खाली घातली नाही. सांगितलं, की मला दुसरीकडून कसलीही विचारणा नाही. पण फ्लॅट आणि मुलीची जागा नसेल तर मला ही नोकरी परवडत नाही, मग आम्ही तिघंही जाऊ. बाहेरून माणूस आणलात तर त्याला फ्लॅटही द्याल आणि तिकीटही. मी तिकीट मागत नाही.

हेडबाईंनी विचार करायला दोन दिवस घेतले. ते दोन दिवस सर खिडकीत उभे होते आणि मी कपाटं आवरत होते, ज्यांना आवरायची काही गरज नव्हती. शेवटी फ्लॅट मिळाला, लेकीची जागा मिळाली. पगार कमी तो कमीच राहिला. सरांना नोकरी सुटल्याची जी रक्कम मिळाली ती गावच्या घराच्या कर्जात गेली. तिथे नातेवाइकांना आम्ही सांगितलं की सरांनी जरा विश्रांती घ्यायची ठरवलीये. माझा दीर म्हणाला, कमावलं असेल भरपूर, आता काय, बसून खा.

शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात आम्ही कार्डं बदलायला गेलो. तेच ऑफिस, तसाच खिडकीतला कारकून, फक्त तरुण. माझ्या कार्डावर त्याने व्यवसाय ‘शिक्षिका’ असा टाकला. मग सरांचे कागद घेतले, ‘आश्रित’ असं टाकलं आणि पुढे रेघ मारली.

सरांनी काचेवर बोट ठेवलं. “पंचवीस वर्षं शिकवलंय मी,” ते त्याला म्हणाले, अगदी हळू. कारकून सभ्य होता. आश्रितांच्या कार्डावर व्यवसाय लिहीत नाहीत, एवढंच त्याने सांगितलं.

आम्ही बाहेर पायऱ्यांवर आलो. माझं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. सात वर्षं ते मी जपून ठेवलं होतं, लोणच्यासारखं मुरवलं होतं, आणि आता वाढायची वेळ आली होती. सर कार्ड उलटसुलट करून बघत होते. पाठीमागे तरी काही लिहिलं असेल असं त्यांना वाटत असावं.

“तेव्हा मी तुला म्हणालो होतो,” ते म्हणाले, “कागदावरच तर आहे.”

“म्हणाला होतात.”

“लागलं असेल तुला.”

“लागलं होतं,” मी म्हटलं.

माझ्या वाक्याचं काय करायचं मला कळेना, कारण ते त्यांनीच बोलून टाकलं होतं, आणि माझ्यापेक्षा चांगलं. मग त्यांनी कार्ड शर्टाच्या खिशात टाकलं, माझ्या हातातली वह्यांची पिशवी घेतली आणि म्हणाले, “चल, तुला तासाला उशीर होईल.”