कपाटाची चप्पल

सोमवारपासून पोर आजोळी राहणार होती आणि ती नुकतीच रांगायला लागली होती. म्हणून जावई आधीच तिला आणि टेस्टर घेऊन सासरी आला, घरातला एकेक सॉकेट तपासायला. सासऱ्यांना हे मुळीच रुचलं नाही. घराचं वायरिंग त्यांनी स्वतः केलं होतं, निवृत्तीच्या उत्साहात.

शेवटचा सॉकेट लोखंडी कपाटामागे निघाला.

“ही घाला,” सासूबाईंनी रबरी चप्पल पुढे सरकवली. “कपाटाची चप्पल आहे.”

जावयाने कारण विचारलं नाही. सासरी फार विचारू नये, एवढं तो शिकला होता. त्याने पोट आत ओढलं आणि फटीत शिरला.

सॉकेटमध्ये टेस्टर पेटला नाही. हात मागे घेताना टेस्टर चुकून कपाटाला टेकला, आणि पेटला.

“बाबा, कपाटात करंट आहे!”

“असतो थोडा,” सासरे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. “चप्पल घातली की काही करत नाही. स्वभाव आहे त्याचा.”

मागे ओलसर भिंत, पुढे नाकाला लागेल असं कपाट. येताना माहीत नव्हतं म्हणून जागा पुरली होती, आता पुरेना. शिंक आली तर, असं मनात येताच नाक हुळहुळायला लागलं.

“मेन स्विच बंद करा!”

“त्या पेटीला कुलूप आहे. कोणीही येऊन हात लावतं.”

“मग किल्ली?”

“कपाटात.”

“काढा ना, बाबा!”

“काढतो की. चप्पल द्या.”

चप्पल जावयाच्या पायात होती.

“शेजारून आणा कोणाची तरी!”

“त्यांच्याकडेही एकच जोड आहे,” सासूबाई म्हणाल्या. “त्यांचं वायरिंगही ह्यांचंच.”

तरी पोरीला कडेवर घेत त्या शेजारी गेल्या आणि जोड घेऊन आल्या. “आटपा लवकर. त्यांना फ्रीज उघडायचाय.”

सासऱ्यांनी चप्पल चढवून कपाट उघडलं. किल्लीच्या आधी हाती पुडकं लागलं.

“मला काय नातीची काळजी नाही?” त्यांनी इवल्याशा रबरी चपला फटीशी नाचवल्या.

“बाबा, ती रांगते! हात टेकून!”

“म्हणून तर चार आणल्यात.”

सासूबाईंनी त्या चार चपलांकडे पाहिलं. मग कडेवरच्या पोरीच्या तळहातांकडे.

“अहो, किल्ली इकडे द्या.”

त्यांनी असं म्हटलं की द्यायची असते. सासऱ्यांनी दिली. पेटी खडखडली, पंखा मंदावत थांबला. सासूबाईंनी किल्ली फटीतून आत सरकवली. “वायर बदलून होईपर्यंत ही तुमच्याकडे, जावईबापू.”

“आणि माझ्या टीव्हीवरच्या बातम्या?” सासरे म्हणाले.



कपाट आता नुसतं कपाट होतं. तरी जावई किल्ली मुठीत आवळून, श्वास रोखून, अंग चोरत तिरका तिरका बाहेर आला. सासऱ्यांनी कपाटाचं दार लावलं. चप्पल घालूनच.