तीन शिलायांचे फ्रॉक

अठ्ठावीस वर्षं शाळेत शिवणकाम शिकवलं की एक वाईट खोड लागते. कपडा दिसला की तो उलटा करून बघावासा वाटतो. लग्नात नवरीच्या मागे उभी असले, तरी माझं लक्ष तिच्या झिपकडे. त्यामुळे आमच्या अंधेरीच्या गावठाणात चर्चच्या हॉलमध्ये नाताळचा मेळा ठरला आणि मी एक टेबल घेतलं, तेव्हा त्यावर काय मांडायचं हे मीच ठरवणार, यात मला तरी काही शंका नव्हती.

टेबल दोघींचं होतं. माझं आणि शेवंतीचं. शेवंती मूळची मालवणकडची, पंचवीस वर्षं माझ्या शेजारी राहते आणि ब्लाउज शिवते. खरं तर शिवत होती. आता बायका स्टेशनबाहेरून रेडीमेड ब्लाउज उचलतात. तिचा मुलगा नितेश म्हणत होता, "आई, पुरे झालं, मशीन काढून टाकूया." गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं त्याने. मेळा रविवारी, आणि तो माणूस मशीन न्यायला सोमवारी येणार.

"मेळ्यात काय खपलं तर ठेवीन," शेवंती मला म्हणाली. "नायतर जाऊ दे."

त्या मशीनचा आवाज भिंतीपलीकडून आला नाही तर मला दुपारची झोप लागत नाही. हे तिला मी सांगितलं नाही. मनाशी एवढंच ठरवलं की निवड कडक करायची, खपेल तेच ठेवायचं.

पंधरा दिवस आधी ती एक पिशवी घेऊन माझ्या ओटीवर आली. पिशवीत लहान मुलींचे फ्रॉक, अकरा. दिसायला गोड, पण मी सवयीने पहिला फ्रॉक उलटा केला आणि कपाळाला हात लावला. दोन्ही कुशींना आत दोन-दोन बोटं कापड, त्यावर एकापुढे एक तीन शिलाया. खाली चार बोटं दुमड.

"शेवंते, हा फ्रॉक आहे की ब्लाउज?"

"मार्जिन ठेवलंय गो. एक शिलाई उसवली की एक वरीस निघता. पोरां वाढतत."

"मेळ्यात कोण पुढच्या वर्षाचं बघतं? कुशीत केवढं जाड झालंय बघ! लोक वरून बघतात, आवडलं तर घेतात आणि घरी जातात."

अकराही फ्रॉक मी बाजूला सारले. त्याऐवजी तिला कापडी तारे, माळा, एप्रन आणि ओव्हनचे हातमोजे शिवायला सांगितले. फोनवर एक व्हिडिओ बघितला होता, त्यात परदेशातली एक बाई हेच विकत होती. शेवंतीने मान डोलावली आणि फ्रॉक एकेक करून घडी घालून पिशवीत भरले. मला वाईट वाटलं, पण मी मास्तरीण. चूक दिसली की लाल शाई.

रविवारी सकाळी हॉलमध्ये पाय ठेवला आणि माझी वाट लागली. शेजारच्या टेबलावर कापडी तारे. समोर कापडी तारे. दाराशी, स्टेजखाली, सगळीकडे तारे, माळा आणि ओव्हनचे हातमोजे. गावठाणातल्या सगळ्या बायकांनी तोच व्हिडिओ बघितला होता. दुपारपर्यंत आमचा एकच एप्रन गेला, तोही माझ्या चुलत भावाने, इसिडोरने घेतला. त्याला चहासुद्धा करता येत नाही.

शेवंती तेच तारे पुन्हा पुन्हा सरळ करून मांडत होती. त्याचाच मला जास्त त्रास होत होता.

एवढ्यात आमच्या गल्लीतली ब्रिजेट आली, हाताला धरलेली सहा वर्षांची मुलगी. मुलगी गुटगुटीत आणि रडून लाल झालेली. "आंटी, सगळं बघून झालं," ब्रिजेट म्हणाली. "आवडतो तो हिला होत नाही, आणि होतो तो हिला आवडत नाही. क्रिसमसला काय घालू हिला, गोणपाट?"

शेवंतीने टेबलाखालून पिशवी ओढली. ती घेऊन आली होती, मला न सांगता! पिवळा फ्रॉक काढून तिने मुलीच्या पाठीला लावून बघितला, कात्रीच्या टोकाने दोन्ही कुशींची आतली शिलाई सर्रकन उसवली, दोरे उपटले आणि फ्रॉक डोक्यातून घातला. बटणं लागली. मुलीने एक गिरकी घेतली, मग दुसरी.

"आजून एक शिलाई उसवायची बाकी आसा," शेवंती ब्रिजेटला म्हणाली. "पुढच्या डिसेंबरात आण, सोडून देईन. उंचीला चार बोटां आसत."

"म्हणजे हाच पुढच्या वर्षी पण?" ब्रिजेट एवढ्या मोठ्याने ओरडली की केकच्या टेबलावरच्या बायकासुद्धा वळल्या.

मग काय! आया आल्या, आज्या आल्या. मी आयुष्यभर लोकांचे कपडे उलटे करून बघत आले. त्या दिवशी लोक माझ्यासमोर फ्रॉक उलटे करून बघत होते आणि आतलं कापड बघून खूश होत होते. इसिडोर धावत घरी जाऊन लग्नातला कोट घेऊन आला. शेवंतीने आत बोट घालून बघितलं. "ह्याच्यात काय एक सूत नाय ठेवलेला. तूच बारीक हो." तो नाराज होऊन परत केकच्या टेबलाकडे गेला.

चारच्या सुमाराला नऊ फ्रॉक गेले होते. प्रत्येक आईला शेवंती तेच सांगत होती, पुढच्या डिसेंबरात आण.

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "शेवंते, माझं चुकलं गं. अक्कल नव्हती मला."

"ता माका ठाऊक आसा," ती म्हणाली आणि फोन काढून नितेशला लावला. "हां, नितेश. उद्या त्या माणसाक येऊ नको म्हणून सांग... अरे, नऊ जणींका शब्द दिलंय मी. शिलाई उसवून कोण देणार, तू? सगळ्यात धाकटी दीड वर्षाची आसा. तिचा फ्रॉक तीन वर्षां पुरतलो. तवसर माका सवड नाय."

मी तोंड फिरवून तारे गोळा करायला लागले, कारण मला रडू येत होतं आणि ते तिला दाखवायचं नव्हतं. तीन वर्षं! त्या दीड वर्षाच्या पोरीने सावकाश वाढावं, अशी मी तिथेच उभ्या उभ्या प्रार्थना केली.