चार मिनिटांत पास झालेला बोल्ट

मी एक बोल्ट बोलतोय. खरं सांगायचं तर अर्धाच. डोकं आणि गळ्यापर्यंतचा भाग तेवढा शिल्लक आहे. बाकीचं धड कुठल्या भंगारात गेलं, मला पत्ता नाही. पण बोलायला डोकं पुरतं. काही माणसं तर त्याच्यावाचूनही तासन् तास बोलतात, हे मी एका मोठ्या सरकारी मुलाखतीत स्वतः पाहिलं आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे वाफेच्या यंत्रांचे बोल्ट बनायचे. सळई कापली, लेथवर आटे पाडले, मग भट्टीवाल्या काकांनी आम्हा बेचाळीस भावंडांना लालबुंद तापवून तेलात बुडवलं. काका तीस वर्षं हेच करत होते. लोखंडाच्या नुसत्या रंगावरून ते त्याचा ताप ओळखायचे, घरी बायकोचा मात्र कधी ओळखता आला नाही, असं ते स्वतःच सांगायचे.

तेलात बुडताना माझ्या गळ्याला केसाएवढी भेग गेली. यात काकांचा दोष नाही. शंभरात एखादा तडकतोच, म्हणून तर पुढे तपासणी ठेवलेली असते. मला काहीच कळलं नाही. मी ताठ मानेने ट्रेमध्ये बसून राहिलो.

तपासणीच्या टेबलावर ताई होती. सगळा कारखाना तिला ताईच म्हणायचा, तिच्या बापाच्या वयाचे मालकसुद्धा. इंजिनियर होती, हुशार होती आणि तिच्या डोक्यात एकच वेड होतं. तिला सरकारी अंतराळ संस्थेत नोकरी हवी होती. रॉकेटमध्ये बसायचं नव्हतं तिला. रॉकेटचे जोड तपासायचे होते. दोनदा अर्ज करून झाला होता. पहिल्यांदा फोटोत दोन्ही कान दिसत नाहीत म्हणून अर्ज परत आला. दुसऱ्यांदा गाडी मुलाखतीपर्यंत पोचली. तिथे विचारलं, "कामातली एखादी चूक सांगा." ही म्हणाली, "मी चूक होऊच देत नाही." त्यांनी आभार मानून दार दाखवलं. आता तिसरा अर्ज, आणि तोच शेवटचा. पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीबाहेर जाणार होती.

अर्जाची साइट तीन दिवस बंद होती. ती उघडली नेमकी शेवटच्या तारखेला, दुपारी, आमचा ट्रे टेबलावर आला तेव्हा.

आमची तपासणी साधी असते. अंगाला लाल रंग फासतात आणि दहा मिनिटं थांबतात. भेग असेल तर रंग आत मुरतो. मग वरचा रंग पुसून पांढरी पावडर मारली की मुरलेला रंग बाहेर येतो आणि भेगेच्या जागी लाल रेघ उमटते. सगळी करामत त्या दहा मिनिटांत आहे. घाईने पुसलं तर भेग गप्प बसते.

ताईने रंग फासला आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर अर्ज उघडला. मी ट्रेमधून पाहत होतो. त्यांनी नाव विचारलं. मग पूर्ण नाव. मग शाळेच्या दाखल्यावरचं नाव. आईचं नाव, बापाचं नाव, अंगावरची खूण. मग आपण यंत्र नसल्याची खात्री पटवा म्हणाले, हे मला जरा लागलं. एवढ्यात पडद्यावर पाटी आली: सहा मिनिटांत हा अर्ज आपोआप बंद होईल. सह्यांचं पान अजून स्कॅन करायचं होतं, आणि स्कॅनर होता आमच्या ट्रेखाली. ओल्या रंगासकट ट्रे हलवला तर रंग सगळीकडे सांडणार होता.

तिने घड्याळाकडे पाहिलं. चार मिनिटं झाली होती. दोन सेकंद थांबली, मग फडकं घेतलं आणि आम्हा सगळ्यांना भराभरा पुसून टाकलं. पावडर मारली. एकही लाल रेघ आली नाही. ट्रेच्या चिठ्ठीवर तिने लिहिलं, 'दहा मिनिटे, सर्व ठीक', खाली सही ठोकली आणि आम्हाला उचलून बाजूला ठेवलं. अर्ज गेला. मीही पास झालो.

तीन महिने मी गोदामात पडून होतो, मग माझी रवानगी कपडे धुण्याच्या एका कारखान्यात झाली, इस्त्रीच्या मोठ्या यंत्रावर. चांगली जागा होती, गरम आणि स्वच्छ. बरोबर अकराव्या दिवशी वाफेचा दाब वाढला आणि माझी मान तुटली. माझं डोकं पत्र्याचं छत फोडून शेजारच्या खोलीत, मॅनेजरच्या चहाच्या कपात पडलं. कोणाला लागलं नाही. मॅनेजरने मला चमच्याने बाहेर काढलं, पाकिटात घातलं आणि चार पानी तक्रारीसह माहेरी पाठवून दिलं. चार पानांतलं दीड पान कपाबद्दल होतं.

आमच्या कारखान्यात एक चाल होती. फुटलेला माल ज्याच्या चुकीने फुटला, त्याच्या जागेवर खिळा ठोकून तो वर्षभर टांगायचा. पगार कापायचा नाही, बोलायचं नाही, नुसतं टांगायचं. ही चाल मालकांच्या वडिलांनी पाडली होती. शिवी माणूस संध्याकाळपर्यंत विसरतो, खिळा रोज समोर असतो, असं ते म्हणायचे.

मालकांनी ताईची चिठ्ठी वाचली. दहा मिनिटे, सर्व ठीक. म्हणजे तपासणीत भेग नव्हती. म्हणजे पोलादच कच्चं राहिलं आणि मागाहून तडकलं. म्हणजे भट्टी. मला तारेत ओवून भट्टीवर टांगलं.

ताई तिथेच उभी होती. तिने तोंड उघडलं आणि परत मिटलं. त्याच सकाळी तिला लेखी परीक्षा पास झाल्याचं पत्र आलं होतं. मुलाखत आठ दिवसांवर होती आणि तिथे मालकांच्या सहीचा अनुभवाचा दाखला लागणार होता.

पुढचे तीन दिवस कोणाच्याही वाट्याला येऊ नयेत. काका रोज सकाळी माझ्याखाली उभे राहायचे. चष्मा पुसायचे. भट्टीत बघायचे, परत चष्मा पुसायचे. तिसऱ्या दिवशी ताई डबा घेऊन जाताना त्यांनी तिला थांबवलं.

"पोरी, हा रंग बघ जरा. तुला केशरी दिसतो का पिवळा?"

"केशरी आहे, काका."

"मलाही केशरीच दिसतो. पण आता खात्री वाटत नाही बघ. मालकांना सांगावं म्हणतो, दुसरा माणूस बघा. डोळे गेले असतील तर उगाच कोणाच्या तरी जिवावर बेतायचं."

 ताईने डबा तिथेच भट्टीच्या कट्ट्यावर ठेवला, स्टूल ओढलं, वर चढली आणि मला खिळ्यावरून काढलं. काका म्हणाले, "अगं, वर्ष व्हायचंय त्याचं." तोवर ती मालकांच्या खोलीत पोचली होती.

"चार मिनिटंच थांबले होते मी," ती म्हणाली. "दहा लिहिलं. काकांचं काही चुकलेलं नाही."

मालकांनी मला उलटंपालटं करून पाहिलं. मी तरी काय करणार. मग ते म्हणाले, "उरलेले एक्केचाळीस कुठे आहेत?" आणि फोन उचलला.

दोन दिवसांत सगळी भावंडं घरी आली. ताईने एकेकाला रंग फासला आणि घड्याळ समोर ठेवून दहा-दहा मिनिटं बसली. एकतिसाव्याच्या गळ्यावर लाल रेघ उमटली. तो एका इस्पितळातून आला होता. ऑपरेशनची हत्यारं वाफेने निर्जंतुक करतात, त्या यंत्राच्या झाकणावर होता तो. झाकणाशेजारी एक नर्स दिवसभर उभी असते, असं त्याने मला सांगितलं. मी आयुष्यात पुष्कळ थट्टा केली आहे, पण त्या नर्सवर मला एकही विनोद सुचलेला नाही.

मालकांनी मला ताईच्या टेबलावर टांगलं. दाखलाही दिला, पण त्यात स्वतःच्या हाताने लिहिलं: 'यांनी बोल्टचा एक ट्रे पुरता न तपासता पास केला. बोल्ट तुटून परत आल्यावर तीन दिवसांनी स्वतः येऊन सांगितलं. बाकी सहा वर्षांत तक्रार नाही.' ताईने तो वाचला आणि विचारलं, "हे असंच जाणार का तिथे?" मालक म्हणाले, "दुसरा हवा असेल तर दुसऱ्या कारखान्यातून आण."

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी तिने मला खिळ्यावरून मागून घेतलं आणि पर्समध्ये टाकलं. सकाळी घरी तिची आई तिच्या शर्टाला इस्त्री करत होती.

"लोक मुलाखतीला सर्टिफिकेटं नेतात," आई म्हणाली, "तू भंगार नेतेस?"

"सर्टिफिकेटाला पुरावा नको का?"

"रॉकेट उडवणारी माणसं ती. त्यांना तुझा तुटका बोल्ट बघायला वेळ आहे होय? बरं, कान दिसू देत आज."

मुलाखतीच्या खोलीत लांबलचक टेबल होतं आणि त्याच्यापलीकडे पाच जण. अध्यक्षांनी आधी वीस मिनिटं संस्थेचा इतिहास सांगितला, जणू तीच त्यांची मुलाखत घ्यायला आली होती. मग त्यांनी दाखला वाचला. परत वाचला. शेजारच्याकडे सरकवला. ताईने मला टेबलावर ठेवलं.

"हा तो बोल्ट," ती म्हणाली.

"किती वेळ थांबायला हवं होतं?"

"दहा मिनिटं."

"मग घाई कसली होती?"

"एक अर्ज भरत होते. तो बंद होणार होता."

"कुठला अर्ज?"

"तुमचाच, सर."

एकाला ठसका लागला. दुसऱ्याने अर्जाला वेळेची मर्यादा सुरक्षेसाठी कशी आवश्यक आहे हे समजावायला सुरुवात केली, ते कोणीच ऐकलं नाही. कडेला एक बाई बसल्या होत्या, पांढरे केस, चष्म्याला साखळी. त्यांनी मला उचललं, भिंग लावून माझी तुटलेली मान न्याहाळली. इतक्या आदराने मला कोणी हातात धरलं नव्हतं.

"बाकीचे?" त्यांनी विचारलं.

ताईने सगळं सांगितलं. बेचाळीस, एकतिसावा, इस्पितळ.

"आणि तीन दिवस गप्प का होतात?"

 तिने बाईंच्या हातातल्या माझ्याकडे पाहिलं. 

"हा माझा शेवटचा अर्ज होता," ती म्हणाली.

बाईंनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. निघताना त्यांनी विचारलं, "हा आम्ही ठेवून घेऊ का?" ताई म्हणाली, "मालकांना विचारते, खिळ्यावरचा आहे तो." बाहेर जाऊन तिने फोन केला. परत आली आणि म्हणाली, "ठेवा म्हणाले. तिथला खिळा राहील." मला एकदा मुठीत घट्ट धरलं, टेबलावर ठेवलं आणि गेली. त्यानंतर मी तिला पाहिलेलं नाही.

तेव्हापासून मी इथे आहे. खोली थंड आहे, रोज पुसतात, कपाटाला कुलूप आहे. दर वर्षी नवे भरती झालेले इंजिनियर येतात, कडक शर्ट, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर आता चंद्र आपलाच असा भाव. पहिल्या दिवशी बाई त्यांना रॉकेट दाखवत नाहीत. मला दाखवतात. हातोहात फिरवतात आणि गोष्ट सांगतात, ताईचं नाव न घेता. चहाच्या कपाला पोरं हसतात. एकतिसाव्याला गप्प होतात.

परवा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग त्यांना घेतलं का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"पण त्यांनी तर खरं सांगितलं."

"तीन दिवसांनी. इथे तीन दिवसांत यान निघून गेलेलं असतं."

 बाईंनी चष्मा काढला, साखळीला लोंबू दिला. मग जरा हळू म्हणाल्या, "मी घ्या म्हणाले होते. मतं चारास एक पडली."

मला बाईंचंही पटतं आणि त्या चौघांचंही, आणि ही माझ्यासारख्या पोलादी माणसाला शोभणारी गोष्ट नाही. पण मला वाईट वाटतं. या इमारतीत हजार माणसं आहेत आणि त्यांतली किती जण स्टुलावर चढून दुसऱ्याच्या डोक्यावरचं भंगार स्वतःच्या डोक्यावर टांगून घेतील, हे मला माहीत नाही.

तुमच्यापैकी कोणाला ती भेटली, तर ओळख पटायला सोपं आहे. रंग फासून घड्याळासमोर बसलेली असेल, तेव्हा तिच्याशी बोलायला जाऊ नका. काम संपलं की माझा निरोप द्या. म्हणावं, तुझ्या अर्जावर मी नोकरीला लागलो, आणि काम नीट करतोय.