कोणासाठी, हे विचारायचं नाही

ती गेल्याचं मला तिच्याच फोनवरून कळलं. घरातून निघाली की कोपऱ्यावरून फोन करायची तिला सवय होती. कधी चष्मा राहिलेला असायचा, कधी छत्री. त्या सकाळीही मी फोन उचलून म्हटलं, "आज काय विसरलीस?" पलीकडे अनोळखी पुरुषाचा आवाज होता. "काका, या बाई तुमच्या कोण?" त्याने विचारलं.

बसथांब्यावर बसल्या बसल्या तिचं हृदय बंद पडलं होतं.

ती रक्तपेढीत टेक्निशियन होती. निवृत्त झाल्यावर तिने घरूनच एक काम चालू ठेवलं, सहज न मिळणाऱ्या गटांचे रक्तदाते शोधून द्यायचं. तिच्या वहीत दात्यांचे फोन असायचे आणि कोणी शेवटचं रक्त कधी दिलं त्याची तारीख. फोन आला की ती तीनच गोष्टी विचारायची. गट कोणता, दवाखाना कोणता, किती तासांत हवंय. पेशंट कोण, हे कधीच नाही. मी एकदा म्हणालो होतो, "दगड आहेस तू. समोरचा रडतोय आणि तू तास विचारतेस."

"अहो, कोणासाठी ते कळलं की मी त्याच्याकडे झुकते," ती म्हणाली. "मग ज्याचा फोन अजून यायचाय, त्याच्या बाजूने कोण बोलणार?"

ती गेली तरी फोन येतच राहिले. मुलगी म्हणाली, "बाबा, सिम काढून टाका. तुम्हाला काय कळतं त्यातलं? आईने तुम्हाला साधा चहा करू दिला नाही कधी."

"चहा चांगला करतो मी."

"त्याला चहा म्हणायचं ठरलं तर."

मी सिम काढलं नाही. मी लिफ्टचा मेकॅनिक. तीस वर्षं लिफ्टच्या अंधाऱ्या खड्ड्यांत उतरलो, भीती म्हणून वाटली नाही. पण आता फोन वाजला की स्वयंपाकघरातून तिचा आवाज यायचा, "तास विचारा." मी उठून बघायचो. ओटा कोरडा, खिडकी बंद. हळूहळू त्या दाराकडे पाठ करून बसणं मी सोडून दिलं. दीड महिना मी तिच्यासारखंच विचारत होतो आणि काम ठीक चाललं होतं.

मग एका सकाळी अकराच्या सुमाराला एका माणसाचा फोन आला. ओ निगेटिव्ह हवं होतं. त्याचा आवाज इतका कापत होता की माझ्या तोंडून निघून गेलं, "कोणासाठी?"

"बायकोसाठी. तिच्याशिवाय मला कोणी नाही हो."

दवाखाना तेवढा विचारला, तास विचारायचे राहूनच गेले. वहीत ओ निगेटिव्हचे चार जण होते. दोघांनी गेल्याच महिन्यात दिलं होतं, तिसरा बाहेरगावी होता. राहिला बेकरीवाला.

"मेस्त्री, पाव भट्टीत आहेत," तो म्हणाला. "किती वेळ आहे?"

"विचारलं नाही."

"वहिनी आधी तेच सांगायच्या."

"जळू देत तुझे पाव. नीघ."

तो गेला बिचारा. दोनपर्यंत पिशवी तपासून त्याच्या बायकोच्या नावाने दवाखान्याच्या फ्रिजमध्ये ठेवली गेली. मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट जेवलो.

अडीचला फोन वाजला. एक बाई होत्या. गट ओ निगेटिव्ह. दवाखाना पहिल्यापासून दहा मिनिटांवर. तास? "डॉक्टर म्हणतात, चारच्या आत." त्या रडत नव्हत्या. मी म्हणालो, "थांबा, बघतो."

बघण्यासारखं एकच होतं. पहिल्या माणसाला फोन करायचा आणि ऑपरेशन कधी आहे ते विचारायचं. वेळ असेल तर ती पिशवी इकडे मागायची. मी नंबर लावला. एक रिंग गेली आणि मी कट केला. बायकोसाठी आणलेलं रक्त परत द्या, हे कुठल्या तोंडाने म्हणायचं? स्वयंपाकघरातून आवाज आला, "विचारा तरी." या वेळी मी उठून बघितलं नाही.

बाहेरगावच्या दात्याला फोन केला. हातातलं काम टाकून तो निघाला. बाईंना मी सांगितलं, "माणूस निघालाय, पण पाच वाजतील." त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पावणेपाचला दात्याचा फोन आला. "दवाखान्यात पोचलो, पण काउंटरवर म्हणतात, आता गरज नाही."

"म्हणजे दुसरीकडून मिळालं?"

"एवढंच म्हणाले. मी खोदून विचारलं नाही."

दहा-बारा दिवसांनी तो पहिला माणूस बायकोला घेऊन आभार मानायला आला. मी चहा केला. बाईंची तब्येत चांगली दिसत होती. त्या म्हणाल्या, "डॉक्टर खूश होते. पिशवी लागलीसुद्धा नाही."

"ऑपरेशन कधी झालं?"

"तुम्ही रक्त पाठवलंत त्याच्या तिसऱ्या दिवशी."

मी विचारलं, "त्या दुपारी मी ती पिशवी दुसऱ्या कोणासाठी परत मागितली असती तर?"

नवरा कपात बघत राहिला. बाई म्हणाल्या, "दिली असती की. आमच्याकडे दोन दिवस होते."

हे मी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "दुसरीकडून मिळालं असेल, बाबा. तसंच असणार." असेलही. फोन अजून माझ्याकडेच आहे आणि आता मी न चुकता तास विचारतो. विचारून झालं की ओट्याकडे बघतो. तिकडून आता काही आवाज येत नाही, आणि ते जास्त कठीण जातं.

त्या बाईंचा नंबर फोनमध्ये आहे. चारच्या आत काय झालं, हे विचारायला मी त्यांना अजून फोन केलेला नाही.