जिपाराला लिहिता न येणारं नाव

कल्पना करा बाळांनो, तुम्ही कोचकोर गावातल्या आमच्या कार्यशाळेत आहात. ओल्या लोकरीचा वास नाकात बसलाय, चार बायका दाबलेल्या लोकरीचे तुकडे जोडून गालिचा शिवतायत, आणि कोपऱ्यात जिपारा लॅपटॉपसमोर हात बांधून बसली आहे. दुपारपर्यंत तिला कार्यशाळेच्या ब्लॉगचा लेख द्यायचाय आणि विषय सुचत नाहीये.

लोकर धुण्यावर लिहून झालं, रंगांवर झालं, साबणावर झालं. मागच्या आठवड्यात तिने चुलीवर लिहिलं होतं.

"चुलीवर कोण वाचणार गं?" कार्यशाळेची प्रमुख अनारकान म्हणाली. "चूलसुद्धा वाचणार नाही. आज नीट काही आलं नाही, तर हे काम मी शहरातल्या भाच्याला देते. मग तू शिवायला बस."

जिपाराने लॅपटॉपवर जुन्या लेखांची यादी उघडली. एकेचाळीस लेख तिने लिहिले होते. आयुष्यात तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

तिची नऊ वर्षांची मुलगी आयचुरोक शाळेतून येऊन ब्रेड खात होती. ती म्हणाली, "आजीवर लिही ना. ही मेंढ्याच्या शिंगांची नक्षी तिचीच ना?"

सगळ्यांचे हात थांबले. जिपाराची सासू गेल्या हिवाळ्यात वारली होती. गावातल्या निम्म्या गालिच्यांवरची नक्षी तिने खडूने आखलेली होती.

जिपाराने तासाभरात लेख लिहिला. खडू संपला की सासू भिंतीचा चुना खरवडून घ्यायची, तेही लिहिलं. अनारकानने वाचला, डोळे पुसले, आणि म्हणाली, "पण हे काय? सगळीकडे 'आमच्या घरातल्या थोरल्या बाई'! कोण थोरल्या बाई? शहरातल्या माणसाला काय कळणार? नाव घाल."

"ताई, सासूचं नाव मी कसं लिहू? अठरा वर्षांत कधी घेतलं नाही."

"लिहायचं आहे, घ्यायचं नाही."

"मग तुम्हीच लिहा ना."

अनारकानने लॅपटॉप परत जिपाराकडे सरकवला. तिच्याही त्या चुलत सासूच. कार्यशाळेतल्या सगळ्याच जणी त्याच कुळात नांदायला आलेल्या. सुनांनी सासरच्या थोरांचं नाव घ्यायचं नाही अशी रीत, म्हणून एकीलाही ते नाव चालत नव्हतं.

"लिहा, 'जिचं नाव घेत नाहीत ती'," शिवणाऱ्यांपैकी बुरमा दातात दोरा धरून म्हणाली. "लोकांना वाटेल भुताने गालिचे शिवलेत."

कोणी हसलं नाही.

"नावाशिवाय लेख जायचा नाही," अनारकान हळूच म्हणाली.

जिपाराने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला.

आयचुरोकने ब्रेड खाली ठेवला, हात फ्रॉकला पुसले आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला. ती सून नव्हती, घरची लेक होती. एका बोटाने अक्षरं शोधत तिने पहिल्या ओळीत आजीचं नाव घातलं. मग ताठ उभी राहून, शाळेत वाचतात तसं, तिने ते मोठ्याने वाचलं: "कालबुबू."