मानेवरची सूज

माझा नवरा रेडे पोसून खाटकाला विकतो, आणि म्हशीच्या पाठीवर माशी बसली तर त्याच्या जिवाची घालमेल होते. हे दोन्ही एकाच माणसात कसं मावतं, ते मला बारा वर्षांत कळलेलं नाही. आमच्याकडे चाळीस म्हशी. दूध डेअरीला जातं. रेडे अंगानं भरले, की मांसासाठी जातात, आणि ज्या म्हशी पुन्हा गाभण राहत नाहीत त्याही. धंदा आहे तो. गाडी भरायच्या दिवशी नवरा चारा बघायच्या निमित्तानं गायब होतो आणि जनावरं मी चढवून देते. दोघांत एक तरी दगड हवा ना, तो मी.

क्षयाची तपासणी करायची, हा हट्ट माझाच. एका मोठ्या खाटीकखान्यानं सांगितलं होतं, कळप निरोगी असल्याचा दाखला आणा, वर्षभर तुमचीच जनावरं घेऊ. नवरा म्हणाला, "चांगलं चाललंय ना? मग कशाला उकरून काढायचं?"

"काही नसेल तर निघणार काय?" मी म्हटलं. मोठी शहाणी.

गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. प्रत्येक म्हशीच्या मानेवर तळहाताएवढी जागा भादरली, चिमट्यासारख्या मापानं कातडीची जाडी मोजली आणि बारीक सुई टोचली. तीन दिवसांनी पुन्हा मोजणार. कातडी सुजली नाही तर म्हैस निरोगी. सुजली तर क्षय. आणि एकीला जरी निघाला तरी तिला मारायचं, बाकीच्यांच्या तपासण्यांवर तपासण्या, आणि तोवर गोठ्यातून ना दूध बाहेर ना जनावर. म्हणजे आमचा गाशा गुंडाळलाच.

"टोचलेल्या जागेला कुणी हात लावू नका," एवढं बजावून बाई गेल्या.

तीन दिवसांनी एकोणचाळीस माना सपाट निघाल्या. चाळिसावी ढब्बीची. ढब्बी ही आमची पहिली म्हैस. निम्मा गोठा तिच्या लेकी-नातींचा. तिच्या मानेवर लिंबाएवढी सूज. बाईंनी माप लावलं, आकडा बघितला, पुन्हा लावलं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. बारा वर्षं या जनावरांच्या शेणात हात घालून उभं केलेलं सगळं एका लिंबाएवढ्या सुजेवर येऊन थांबलं होतं. आणि बोल तरी कुणाला लावणार? बाईंना मीच बोलावलं होतं.

मी नवऱ्याकडे बघितलं. वाटलं, आता हा रडणार. पण तो रडत नव्हता. मान खाली घालून चपलेच्या टोकानं जमीन उकरत होता. संसारात मला एक पक्कं कळलंय. हा माणूस दुःखात असला की आभाळाकडे बघतो, आणि चुकला असला की जमिनीकडे.

"काय केलंत?" मी विचारलं.

"कुठं काय."

"अहो, काय केलंत?"

मग हळूहळू बाहेर पडलं. पहिल्या संध्याकाळी त्यानं अंगठ्यानं नुसतं दाबून बघितलं, सूज येतेय का ते. तासाभरानं पुन्हा दाबलं. दुसऱ्या दिवशी दाबून दाबून तिथं खरंच थोडं सुजलं, तसा हा घाबरला. मी दूध घालायला डेअरीवर गेले, की मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवायची आणि ढब्बीची मान शेकायची. सूज वाढली तसा शेक वाढवला. माझ्याच तव्यावर.

"बाकीच्या म्हशींना शेकलं का?" बाईंनी विचारलं.

"नाही हो," नवरा म्हणाला, "हिच्यातूनच वेळ मिळाला नाही."

बाईंना हसावं की रडावं कळेना. म्हणाल्या, "या सुजेवरून मी काही सांगू शकत नाही. क्षय असेल, नसेलही. दोन महिन्यांनी मानेच्या दुसऱ्या बाजूला टोचू. तोवर बाकीच्यांचं दूध डेअरीला घाला, पण हिला वेगळी बांधा, हिचं दूध ओतून द्या, आणि एकही जनावर विकू नका."

त्या गेल्यावर मी जे बोलले ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. शेवटी दम लागला तेव्हा विचारलं, "दुसऱ्या दिवशी सुजलं तेव्हा मला का नाही सांगितलंत?"

"तू ओरडली असतीस," तो म्हणाला.

मग मी आणखी ओरडले.

ते दोन महिने कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. सकाळ-संध्याकाळ ढब्बीची धार काढायची आणि ते फेसाळ दूध खड्ड्यात ओतायचं. ती मजेत रवंथ करायची. धूळ नाकात गेली म्हणून खोकली, तरी इकडे आमचा घास घशाखाली उतरायचा नाही.

दुसऱ्यांदा सुई टोचली त्या दिवशी मी नवऱ्याची पिशवी भरली आणि त्याला तीन दिवस नणंदेकडे धाडलं. म्हटलं, "तुमचा अंगठा या गोठ्यात दिसता कामा नये." तो निमूटपणे गेला.

आणि आता खरं सांगते. मी दगड ना? पहिल्या दिवशी मी ढब्बीकडे सात वेळा गेले. दुसऱ्या दिवशी किती वेळा, ते मोजलं नाही. दुपारी पेंड घालताना बघते तर माझाच हात तिच्या मानेपासून दोन बोटांवर. कधी गेला, कळलंही नाही. मी हात मागे घेतला, पदरात गुंडाळला आणि भिंतीला टेकून उभी राहिले. त्यानंतर काही केल्या मला नवऱ्याचा राग येईना.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी माप लावलं. "टोचायच्या आधी होती तेवढीच आहे. काही नाही हिला."

"पुन्हा मोजा," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा मोजलं. मी आणखी एकदा म्हटलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, मोजून मोजून झिजेल बिचारी." आणि दाखला लिहायला बसल्या. माझ्या जिवात जीव आला. बाईंच्या देखत हुंदके देऊन रडले मी, आणि लाजही वाटली नाही.

नणंदेला फोन लावला. ती म्हणाली, "दादा तर उजाडताच निघाला."

मी फाटकाकडे धावले. बाहेर दुधाचे कॅन ठेवायच्या कट्ट्यावर नवरा पिशवी मांडीवर घेऊन, गोठ्याकडे पाठ करून बसला होता. तीन दिवस सांगितले होते ना, म्हणून आत आला नव्हता. पाऊल वाजलं तरी त्यानं मागं बघितलं नाही.

"सांग," तो म्हणाला.

"सपाट आहे."

त्यानं पिशवीत तोंड खुपसलं. मी शेजारी बसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग त्यानं डोळे पुसले.

"एक ऐका," मी म्हटलं. "पुढच्या वेळी काही बिघडलं, तर त्याच दिवशी मला सांगा. मी ओरडेन. तरी सांगा."

"किती ओरडशील?"

"पुष्कळ."

त्यानं जरा विचार केला. "बरं," म्हणाला, आणि आम्ही दोघं ढब्बीला परत तिच्या लेकींमध्ये बांधायला उठलो.